पंख स्वच्छ असल्याशिवाय

आईला एकदा तरी आपण चालवत असलेल्या विमानातून न्यायचं, हे उपासना मेश्रामनं कॅप्टन झाली त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं होतं. योग आला तो मात्र जानेवारीतल्या अशा एका सकाळी, की शिकागोतल्या निम्म्या लोकांनी घराबाहेर पाऊल टाकायचं टाळलं होतं.

तिची आई गिरजाबाई नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. तिथूनच निवृत्त झाल्या. दोन मुलं, दोन्ही अमेरिकेत. थोरली उपासना शिकागोजवळ नेपरव्हिलला आणि धाकटा आयुष मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला. आयुषच्या बायकोचे, प्रीताचे, दिवस भरत आले होते. प्रीताच्या आईला व्हिसा मिळाला नाही हे कळलं तेव्हा गिरजाबाईंनी सुनेला फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं, "मी येऊन राहिली ना, मग कशाला रडतेस?" आठवडाभर लेकीकडे राहून आता त्या सुनेकडे निघाल्या होत्या. उपासनानं महिन्याच्या ड्यूट्या मागतानाच हार्टफर्डची फ्लाइट मागून घेतली होती. हार्टफर्डहून श्रूजबरी गाडीनं तासाभरावर. त्या रात्री तिचा मुक्कामही हार्टफर्डलाच होता.

"तू चालवणार म्हणजे मी मस्त झोपणार," गिरजाबाई विमानतळावर जाताना म्हणाल्या.

"झोप कसली, आई? तुला पंखाजवळची खिडकी घेतलीय. सगळं दिसेल."

"पंख बघून मी काय करू?"

"बघ तर खरं."

बाहेर तेव्हा नुसती भुरभुर होती. पण ती साधी नव्हती. पाणी म्हणून खाली येत होती आणि जिथे टेकत होती तिथे काच होऊन बसत होती. गाडीचे आरसे, रस्त्याकडेची झाडं, कुंपणाच्या तारा, सगळ्यांवर तो पातळ चकचकीत थर चढला होता. दिसायला फार सुंदर, आणि वैमानिकाच्या दृष्टीनं याच्याइतकं वाईट हवामान दुसरं नाही.

उपासनाला या थराची चांगली ओळख होती. नागपुरात इंजिनिअरिंग करून ती इथे मास्टर्सला आली तेव्हा तिच्या प्राध्यापकांचा विषयच हा होता. थंड वाऱ्याच्या बोगद्यात पंखाचा छोटा तुकडा ठेवायचा, त्यावर पाण्याचा फवारा मारायचा आणि बर्फ कसा धरतो ते बघायचं. सँडपेपरइतका खरखरीत, हाताला जेमतेम जाणवेल एवढाच थर पंखावर बसला, तरी विमानाला वर उचलून धरणारी ताकद किती झपाट्यानं कमी होते हे तिनं तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे ती प्रयोगशाळा सोडून वैमानिक झाली. कॅप्टनच्या सीटवरचा हा तिचा दुसरा हिवाळा.

उजव्या सीटवर त्या दिवशी डर्क होता. मिशिगनचा, तिच्यापेक्षा वयानं बराच मोठा, कित्येक वर्षं अलास्कात मालवाहू विमानं उडवून मग प्रवासी विमानांकडे वळलेला. कमी बोलायचा, पण जे बोलेल ते खरं. उपासनाला त्याच्याबरोबर उडायला आवडायचं.

प्रवासी बसले, दारं लागली, विमान मागे ढकललं गेलं आणि दोघांनी ते डी-आयसिंगच्या पॅडवर नेऊन उभं केलं. पॅड म्हणजे विमानांवरचा बर्फ काढायला विमानतळाच्या कडेला आखलेलं मोठं मैदान. एका वेळी अनेक विमानं तिथे ओळीनं उभी राहतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी उंच हात असलेले ट्रक येतात. उपासनानं ब्रेक लावले, पंखांची फ्लॅप्स, म्हणजे मागच्या कडेची सरकती पाती, आत घेतली, केबिनमध्ये वास शिरू नये म्हणून हवेच्या झडपा बंद केल्या आणि रेडिओवर सांगितलं, "ब्रेक लागलेत, आम्ही तयार आहोत."

मग ती माइकवर प्रवाशांशी बोलली. तिची पद्धतच होती, लोकांना अंधारात ठेवायचं नाही. पहिल्यांदा गरम, नारिंगी फ्लुइडचा फवारा येईल, तो पंखावरचा सगळा बर्फ धुऊन काढेल. मग दाट, हिरवं फ्लुइड येईल. ते पंखावर चिकटून बसेल आणि आपण धावपट्टीवर पोचेपर्यंत नवा बर्फ धरू देणार नाही. मात्र ते कायमचं टिकत नाही. किती वेळ टिकेल हे बाहेर काय पडतंय आणि किती थंडी आहे यावर ठरतं. वेग घेताना ते आपोआप वाहून जाईल, घाबरू नका.

खिडकीवरून नारिंगी लोट वाहिले, वाफा उठल्या. मागोमाग हिरवा थर चढला. पॅडवरून निरोप आला, काम झालं, तपासणी झाली, हिरवा थर द्यायला अमुक वेळी सुरुवात केली. डर्कनं ती वेळ टिपली, कुठल्या हवामानात फ्लुइड किती वेळ टिकतं याचा तक्ता पाहिला.

"या भुरभुरीत पुरेसा वेळ आहे," तो म्हणाला. "रांग हलली तर."

पण रांग हलायचं नाव घेईना. धावपट्टीवरच बर्फ धरायला लागला होता आणि विमानतळाच्या गाड्या ती साफ करायला उतरल्या होत्या. पुढे सहा-सात विमानं, मागे तेवढीच. इंजिनं मंद चालू. काचेवरचे वायपर एका लयीत फिरत होते. उपासना बाहेर बघत होती ते थेंबांकडे. मघाशी दिसेनासे होते, आता काचेवर आपटताना टप टप ऐकू येत होते.

"डर्क, ही आता भुरभुर नाही."

"नाही," डर्क म्हणाला. "पाऊस आहे. हलका, पण पाऊस."

हवामानाचा नवा अहवालही तेच सांगत होता. तक्त्यात पावसाच्या रकान्यातला वेळ भुरभुरीपेक्षा खूपच कमी, आणि तो कधीच उलटून गेला होता. म्हणजे आता फक्त तक्त्यावर विसंबून उडता येणार नव्हतं. एक मार्ग होता. उड्डाणाच्या अगदी आधी स्वतः पंख बघायचा आणि तो निखालस स्वच्छ असेल तरच निघायचं. तेवढ्यात धावपट्टी उघडली. पुढचं विमान उडालं, त्याच्या पुढचंही उडालं होतं. रांग सरकली.

डर्क मागे जाऊन पंख बघून आला.

"डावा ठीक वाटतो. उजवा..." तो थांबला. "उजव्या बाजूची मागची कड मला नीट दिसली नाही. खिडकीला धुकं धरलंय. मला वाटतं ठीक आहे. पण मी शपथ घेणार नाही."

"मी बघून येते. विमान तुझ्याकडे."

तिनं ब्रेक लावले, पंखावरचा दिवा सुरू ठेवला, टॉवरला कळवलं की आम्हाला थोडा वेळ हवाय, मागच्याला पुढे जाऊ द्या, आणि ती कॉकपिटमधून बाहेर आली. लोरेटा नावाची फ्लाइट अटेंडंट दाराशीच उभी होती. "लोक वैतागलेत," ती हळूच म्हणाली. उपासनानं मान डोलावली आणि ती मधल्या वाटेनं चालू लागली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

उजव्या बाजूला, पंखाजवळच्या ओळीत खिडकीशी गिरजाबाई होत्या. त्यांच्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ. अंगात जाड स्वेटर, मांडीवर लॅपटॉप. हे श्रीरंग. मूळचे पुण्याचे, आता श्रूजबरीचेच, टेक्सासमधल्या अर्विंगहून शिकागोमार्गे परत निघाले होते. हे सगळं त्यांचं गिरजाबाईंना एव्हाना सांगून झालं होतं. उपासना पोचली तेव्हा त्यांची पाठ तिच्याकडे होती आणि ते आत्मविश्वासानं मराठीत समजावून सांगत होते.

"मावशी, हे सगळं इन्शुरन्सचं नाटक असतं हो. समोरची दोन विमानं गेली ना? त्यांना काय वेगळा पाऊस लागला का? कॅप्टन नवीन असली की असं होतं बघा. रूलबुक उघडून बसायचं. एवढासा बर्फ, टेक-ऑफला वाऱ्यानं उडून जातो."

"काका," उपासना म्हणाली, "जरा मागे टेकून बसता का? मला पंख बघायचाय."

श्रीरंग दचकून वळले. चार पट्ट्यांचा गणवेश, नावाची पट्टी, आणि स्वच्छ मराठी.

"सॉरी, मॅडम. म्हणजे... मला माहीत नव्हतं तुम्ही..."

"असू द्या. समोरच्या विमानांवर फवारा आपल्यानंतर पडला होता, ती दुसऱ्या पॅडवरून आली. त्यांचं फ्लुइड ताजं होतं." ती वाकली. गिरजाबाईंनी आधीच शालीच्या टोकानं खिडकी पुसून ठेवली होती.

तिनं नीट पाहिलं. पंखाच्या पुढच्या भागावर हिरवा थर अजून ओला, तकतकीत होता, खालच्या धातूवरची रेघ त्यातून स्पष्ट दिसत होती. पण नजर मागे नेली तशी ती चमक मरत गेली. मागच्या कडेला आणि टोकाकडे थर मंद, दाणेदार झाला होता, थंडीत थिजलेल्या तुपासारखा. खालची रेघ तिथे दिसतच नव्हती. म्हणजे फ्लुइडनं हार खाल्ली होती आणि त्याच्यावर बर्फ धरायला लागला होता.

अंदाज बांधायला काही उरलंच नव्हतं.  तिला एक मोकळेपणा आला. निर्णय घ्यायचा नव्हताच, तो समोर पंखावर पडलेला होता.

"परत धुवावं लागेल का?" गिरजाबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"आई?" श्रीरंग पुटपुटले.

"मग धू," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांचा फोन मांडीवर पालथा पडला होता आणि त्यावर त्यांनी तळहात ठेवला होता.

"आयुषचा काही फोन?" उपासनानं आवाज खाली आणून विचारलं.

"नाही ना. सगळं ठीक आहे तिकडे. तू आपलं काम कर."

उपासना वळली. पाठीमागे आईचा आवाज तिला ऐकू आला, शांत आणि ठाम. "थिएटरमध्ये मी काय करायची माहीत आहे का? स्क्रब करून धुतलेल्या हातानं सर्जननं नुसता चश्मा सावरला ना, तरी मी त्याला परत सिंकपाशी पाठवायची. मग तो कितीही मोठा डॉक्टर असो. बाहेर पेशंटचे नातेवाईक ओरडून राहायचे, उशीर काहून होते म्हणून. ओरडू द्यायचे."

श्रीरंग त्यावर काय म्हणाले ते उपासनाला ऐकू आलं नाही.

कॉकपिटमध्ये येऊन ती बसली. "उजव्या पंखाची मागची कड गेली. परत पॅडवर."

 डर्कनं लगेच टॉवरशी संपर्क साधला आणि रांगेतून बाहेर पडायची वाट मागितली. मग म्हणाला, "बरं झालं तू गेलीस."

"तू शपथ घेतली नाहीस म्हणून गेले."

तो हसला. त्या दिवशीचं त्याचं पहिलं हसू.

प्रवाशांना सांगणं तिनं टाळलं नाही, लोरेटावर ढकललंही नाही. मी आत्ता स्वतः पंख बघून आले, ती म्हणाली, तो उडण्यासारखा नाही. त्यावर नुसतं हिरवं फ्लुइड पुन्हा मारून भागत नाही, सगळं धुऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तुमच्यापैकी अनेकांच्या पुढच्या फ्लाइट चुकतील, याची मला कल्पना आहे. तरीही हे विमान पंख स्वच्छ असल्याशिवाय निघणार नाही. मागे कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा टाकला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या, त्या उपहासाच्या होत्या की खऱ्या हे तिला कळलं नाही, आणि तिनं त्याचा विचारही केला नाही.

पॅडपाशी पोचेपर्यंत पाऊस वाढला. आता काचेवर थेंब नव्हते, धार होती, आणि वायपरच्या दांड्यांवर बर्फाच्या गाठी धरायला लागल्या होत्या. हवामान अहवालातला "हलका" हा शब्द गेला. डर्कनं तक्ता तिच्यापुढे धरला. हलका पाऊस, त्याच्यापुढे वेळ. मध्यम पाऊस, त्याच्यापुढे कोरी जागा. अशा पावसात कुठलंच फ्लुइड किती टिकेल याची कुणी हमी देत नाही. म्हणजे कुणीही उडायचं नाही.

पॅडही थांबलं. उपासनानं कंपनीच्या डिस्पॅचरला रेडिओवर गाठलं. डिस्पॅचर म्हणजे जमिनीवरून प्रत्येक फ्लाइटची आखणी करणारा माणूस, तिच्याइतकाच जबाबदार. तो आधी म्हणाला, "तिथेच थांबता येईल का? पाऊस कमी झाला की लगेच फवारा घेऊन निघता येईल."

"पाऊस कधी कमी होईल?"

"पश्चिमेकडून थंड वारा येतोय. दुपारनंतर याचा कोरडा बर्फ होईल, त्यात फ्लुइड टिकतं. पण नेमकं कधी..."

"मग लोकांना इथे कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. मला गेट द्या. ते उतरू देत, जेवू देत. बर्फ सुरू झाला की मी पुन्हा निघते."

डिस्पॅचर म्हणाला, "ठीक आहे, कॅप्टन. शोधतो गेट."

गेटवर सगळे उतरले. काहींनी फ्लाइट सोडूनच दिली. उपासनानं बॅगेतला फोन सुरू केला. आयुषचा मेसेज होता. "सगळं ठीक. घाई करू नको, ताई." तिला बरं वाटलं. आई खिडकीपाशी एका खुर्चीत बसली होती, पिशवीतला डबा उघडून. शेजारी श्रीरंग होते. चहाचे दोन कागदी कप त्यांनीच आणलेले दिसत होते.

त्यांनी उठून उपासनाला जागा दिली. "मॅडम, मी मघाशी जे बोललो..."

"काका, मॅडम कशाला? उपासना म्हणा."

"नाही, मी खरंच काहीच्या काही बोललो. तुमच्या आईंनी मग माझी चांगलीच शाळा घेतली."

"मी कुठे घेतली?" गिरजाबाई म्हणाल्या. "दोन गोष्टी सांगितल्या थिएटरच्या. उपा, पोळी खा. सकाळपासून काही पोटात नाही तुझ्या."

तिनं उभ्याउभ्याच भाजी-पोळी खाल्ली. आई फार बोलत नव्हती. दर थोड्या वेळानं मोठ्या काचेबाहेर बघत होती आणि ओठ किंचित हलत होते. उपासनाला वाटलं, थकली असेल. सूनही मनात असेलच.

"प्रीताची काळजी करू नको, आई. तारखेला अजून वेळ आहे ना?"

"आहे ना," गिरजाबाई म्हणाल्या आणि तिच्या हातात दुसरी पोळी ठेवली.

दुपार कलली तेव्हा आकाशाचा रंग बदलला. पावसाची धार तुटली, मध्ये काही वेळ बर्फाचे कण खिडक्यांवर चणे टाकावेत तसे वाजले, आणि मग अगदी अचानक सगळा आवाज गेला. मऊ, कोरडा बर्फ शांतपणे खाली यायला लागला. डर्क गेटपाशी उभा राहून ते बघत होता. उपासना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"याच्याबरोबर जमतं आपलं," तो म्हणाला.

"जमतं. चल."

या वेळी पॅडवर फवारा सुरू होण्याआधी तिनं टॉवरला धावपट्टी कशी आहे, रांग किती आहे हे विचारून घेतलं. उगाच आधी धुऊन मग रांगेत सुकत बसायला नको. नुकतीच साफ केलेली धावपट्टी, रांगेत दोनच विमानं. मग तिनं फवारा मागितला. पहिल्या थरानं पंखावर जमलेली काच खळाळून खाली आली. उजव्या बाजूच्या ट्रकवरच्या माणसानं मागच्या कडेवर दोनदा हात फिरवला, मग हिरवं चढवलं. तपासणी झाल्याचा निरोप आला. विमान हललं ते फ्लॅप्स आतच ठेवून. चाकांनी उडवलेला चिखल त्यांच्यात जाऊन बसू नये म्हणून धावपट्टीजवळ पोचल्यावरच ती बाहेर काढायची असतात.

वेळ हातात भरपूर होता. तरीही शेवटच्या वळणावर तिनं डर्कला मागे पाठवलं. तो परत आला आणि या वेळी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "दोन्ही बाजू स्वच्छ. टोकापर्यंत. शपथ घेतो."

"तुझी आई मला अंगठा वर करून दाखवत होती," पट्टा आवळताना त्यानं आणखी सांगितलं.

धावपट्टीवर विमान सरळ झालं. समोर करड्या पट्टीवर बर्फाचे पातळ लोट साप सरपटावेत तसे आडवे वाहत होते. उपासनानं ब्रेक दाबून धरले आणि इंजिनांची ताकद थोडी वाढवली, आतल्या पात्यांवर धरलेला बर्फ झटकला जावा म्हणून. विमान थरथरलं. आकडे बघितले, सगळे जागच्या जागी. तिनं ब्रेक सोडले.

सुरुवातीला चाकं किंचित इकडे-तिकडे झाली, तिनं पायांनी त्यांना सरळ केलं. मधल्या रेषेचे दिवे एकेक करून नाकाखाली गेले, मग भराभर, मग एकच रेघ. डर्कचा आवाज वेग सांगत होता, घाई नसलेला, घरातल्या माणसासारखा. त्यानं "रोटेट", म्हणजे नाक उचल, म्हटलं आणि उपासनानं हातातला दांडा हळूच मागे ओढला. स्वच्छ पंखांनी हवा धरली. हाताला तो भार जसा यायला हवा अगदी तसाच आला, ना कमी ना जास्त. जमीन सुटली.

ढगांत मिनिटभर सगळं पांढरं होतं. मग ते एकदम वर आले आणि कॉकपिटमध्ये ऊन शिरलं. डर्कनं काळा चश्मा घातला. उपासनाच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून डर्क म्हणाला, "हो. छान होतं."

हार्टफर्डला उतरले तेव्हा अंधार पडला होता. प्रवासी उतरताना ती कॉकपिटच्या दारात उभी राहिली. श्रीरंग थांबले, हात जोडले आणि लोकांची रांग अडतेय हे न बघता म्हणाले, "उपासना, पुढच्या वेळी अशी कॅप्टन असली तर मी तक्रार करणार नाही. कुणी केली तर मी त्यांना सांगेन." गिरजाबाई सर्वांत शेवटी आल्या. फोन हातात होता. डोळे ओले आणि चेहरा फुललेला.

"मुलगी झाली," त्या म्हणाल्या.

"काय? कधी?"

"आपण गेटवर होतो तेव्हा. सिझर करावं लागलं. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले होते, म्हणून घाईनं आत घेतलं. मला कळलं ते परत विमानात बसल्यावर. आता दोघी छान आहेत. आयुषनं फोटो पाठवला, बघ."

फोटोत एक लाल, चिडलेला, इवलासा चेहरा होता. उपासनानं तो पाहिला आणि मग आईकडे पाहिलं. हळूहळू तिच्या ध्यानात यायला लागलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

गिरजाबाईंनी शाल सारखी केली. "तू पंख बघायला आलीस ना, त्याच्या जरा आधी मेसेज आला. आत नेऊन राहिले म्हणून. मीच आयुषला सांगितलं, ताईला एक अक्षर कळवू नको."

"आई, मला सांगायला पाहिजे होतं."

"सांगून काय झालं असतं? पंख साफ झाला असता का?"

 उपासना म्हणाली, "मला कळलं असतं तरी मी तेच केलं असतं."

"ते मला माहीत नाही का? तू तेच केलं असतं. पण मग तिथे बसून तू प्रीतासाठी घाबरली असती. आणि मी प्रीतापाशी पोचले नाही ते आपल्यामुळे झालं म्हणून स्वतःचाच जीव खाल्ला असता. कशाला पाहिजे ते?" त्यांनी लेकीच्या खांद्यावरची पट्टी बोटानं सरळ केली. "मी तिथे असते तरी थिएटरच्या बाहेरच बसले असते. आत त्यांची माणसं होती. चांगली होती, म्हणून सगळं चांगलं झालं."

त्या सगळ्या तासांत आई तिथे एकटीनं काय घेऊन बसली होती हे आता उपासनाला कळत होतं. खिडकी पुसताना, डबा उघडताना, पोळी वाढताना. तिनं आईला तिथेच, विमानाच्या दारात, गणवेशासकट घट्ट मिठी मारली. लोरेटा तोंड फिरवून उगाच कप आवरत राहिली.

आयुषनं मित्राला गाडी घेऊन पाठवलं होतं. दोघी तिथून थेट हॉस्पिटलला गेल्या. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते, पण आकाश निरभ्र होतं. खोलीत प्रीता उशांना टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, पण हसरा. गिरजाबाईंना बघताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"जय भीम, आई. मी किती वाट बघत होते तुमची."

"आली ना मी. आता कुठे जात नाही." गिरजाबाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "दुखते का फार? औषध कधी दिलं? चार्ट दाखव बरं मला."

आयुष कोपऱ्यात उभा होता. त्यानं बाळ बहिणीच्या हातात दिलं. उपासनानं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"ताई, सॉरी. आईनं शपथ घातली होती."

"माहीत आहे. आईनं मलाही पुरती गुंडाळलं." तिनं बाळाच्या नाकाला नाक लावलं. "हिला तरी खरं बोलायला शिकवा."

पलंगावरून गिरजाबाईंनी लगेच उत्तर दिलं, "मी काही खोटं बोलली नाही. फोन नव्हताच आला. मेसेज आला होता." प्रीता हसायला लागली आणि टाक्यांवर हात धरून कळवळली, आणि मग तिला हसू देऊ नका म्हणून गिरजाबाई सगळ्यांवर ओरडल्या.

उपासनाला तिथेच राहावंसं वाटत होतं. पण सकाळी तिची परतीची फ्लाइट होती, आणि त्याआधी पुरेशी झोप हवी हा नियम तिनं आजवर कधी मोडला नव्हता. बाळाला तिनं पुन्हा आयुषकडे दिलं, कोट घातला. गिरजाबाई तिला लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या.

"उद्याही बर्फ आहे म्हणून राहिले टीव्हीवर," त्या म्हणाल्या.

"आहे. पहाटेपासून."

"बरं," गिरजाबाई म्हणाल्या. "नीट जेवून झोप. जा."

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्या आधीच वळून, चपळ पावलांनी, नातीच्या खोलीकडे निघाल्या होत्या.